यकृतातील जाळे आणि क्ष-किरणांची नवी नजर

काही दिवसांपूर्वी कल्याणहून एका वाचकाचे पत्र आले. ते लिहितात, ‘गेली चार वर्षे माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर, ग्रेड दोन असे येत आहे. मी दारूला स्पर्शही करत नाही. आता डॉक्टर फायब्रोस्कॅन करून घ्या म्हणतात, आणि गरज पडली तर सुईने यकृताचा तुकडा काढून तपासावा लागेल असेही म्हणतात. विज्ञान एवढे पुढे गेले आहे, तर एखादा चांगल्या प्रतीचा एक्स-रे काढून यकृत आतून कसे आहे ते कळत नाही का?’

प्रश्न साधा वाटतो, पण जगातल्या काही मोठ्या प्रयोगशाळा गेली तीस वर्षे याच प्रश्नावर काम करीत आहेत. क्ष-किरण चित्रे वाचणे हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्याने उत्तर द्यायची जबाबदारीही माझ्याकडे येते. उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : क्ष-किरणांना यकृताची बारीक वीण दिसू शकते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, पण जिवंत माणसाच्या पोटातल्या यकृताचे तसे चित्र काढणे आज कोणत्याही रुग्णालयात शक्य नाही. असे का, आणि तोपर्यंत आपण काय करायचे, ते आज पाहू.

यकृताची वीण

यकृत हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव. उजव्या बरगड्यांच्या आड, छातीच्या पडद्याखाली तो असतो. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. बाहेरून तो गुळगुळीत, तांबूस-तपकिरी दिसतो. आत मात्र मधमाशांच्या पोळ्यासारखी रचना असते. साधारण राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर रुंदीचे, षट्कोनी आकाराचे सुमारे दहा लाख कप्पे त्यात असतात. प्रत्येक कप्प्याच्या मध्यभागी एक बारीक नीला आणि कोपऱ्यांवर रक्त आणणाऱ्या व पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या. कोपऱ्यांकडून मध्याकडे रक्त झिरपत जाते आणि वाटेत यकृताच्या पेशी त्यातील साखर, चरबी, औषधे, विषारी द्रव्ये यांचा हिशेब लावतात. या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून आलेले असते. म्हणजे आपण खाल्लेली बहुतेक गोष्ट आधी या जकातनाक्यावरून जाते.

यकृताला इजा झाली, मग ती दारूने होवो, ‘बी’ किंवा ‘सी’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूने होवो की साठलेल्या चरबीने, तर शरीर ती जागा भरून काढते. त्वचेवर जखम भरताना जसा वण राहतो, तसा यकृतातही राहतो. हा वण ज्या धाग्यांचा बनतो त्या प्रथिनाचे नाव कोलॅजेन. इजा एकदाच झाली, तर यकृत पूर्ववत होते. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांच्या यकृतावर कायमचा वण ठेवत नाही, ती याच कारणाने. इजा वर्षानुवर्षे चालू राहिली, तर मात्र धागे साचत जातात. आधी कप्प्यांच्या कोपऱ्यांवर, मग एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी संपूर्ण यकृतात धाग्यांचे जाळे पसरते. मध्ये अडकलेल्या पेशींच्या गाठी बनतात. याच अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. मग पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, भ्रम अशी लक्षणे दिसू लागतात.

या प्रवासाच्या पाच पायऱ्या डॉक्टर मानतात. शून्य म्हणजे धागे नाहीत, आणि चार म्हणजे सिरॉसिस. पहिल्या तीन पायऱ्यांवर माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो. तो सकाळी डोंबिवलीहून गच्च भरलेली लोकल पकडतो, संध्याकाळी परततो, जेवतो, झोपतो. यकृत तक्रार करत नाही, हीच त्याची अडचण आहे. म्हणून रुग्ण कोणत्या पायरीवर उभा आहे, हे यकृताच्या आजारातले सर्वांत महत्त्वाचे प्रश्नचिन्ह ठरते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोनोग्राफीत लिहिलेला ‘ग्रेड’ हा चरबीचा अंदाज असतो, धाग्यांचा नव्हे. ग्रेड एकच्या माणसात धागे बरेच पुढे गेलेले असू शकतात आणि ग्रेड तीनच्या माणसात ते मुळीच नसू शकतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचा तो आकडा पाहून काही जण निर्धास्त होतात आणि काही जण झोप उडवून घेतात. दोन्ही चुकीचे.

साध्या एक्स-रेला हे का दिसत नाही

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे अज्ञात किरण सापडले. अज्ञात म्हणून त्यांना ‘क्ष’ नाव मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. मांस मात्र पुसट सावलीसारखे. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, फिल्म गेल्या, डेव्हलपरचे टब गेले, संगणकाचे पडदे आले. पण साध्या एक्स-रेचे तत्त्व तेच राहिले. किरण शरीरातून जातात, हाडातील कॅल्शियम ते जास्त अडवते, मांस कमी अडवते, हवा जवळजवळ अडवतच नाही. जिथे जास्त अडले तिथे चित्र पांढरे, जिथे पार गेले तिथे काळे. तो सगळा सावल्यांचा खेळ आहे.

यकृताची पेशी, त्यातले रक्त आणि कोलॅजेनचा धागा हे तिघेही क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात. त्यामुळे छातीच्या एक्स-रेमध्ये यकृत म्हणजे उजवीकडे खाली दिसणारा एकसंध पांढरा ढग. सीटी स्कॅनमध्ये ते बरेच स्पष्ट दिसते. गाठ दिसते, शिरा फुगलेल्या दिसतात, सिरॉसिसमध्ये खडबडीत झालेली कडाही दिसते. पण ही सगळी शेवटच्या पायरीची चिन्हे आहेत. तिसऱ्या पायरीवरचे, केसाहून बारीक धागे त्यात दिसत नाहीत.

पाण्याच्या तळाची जाळी

आता नव्या पद्धतीकडे वळू. उन्हाच्या वेळी स्वच्छ पाण्याने भरलेल्या हौदाच्या तळाकडे पाहा. पाणी पारदर्शक आहे, ते प्रकाश अडवत नाही. तरीही तळावर उजेडाची एक हलणारी जाळी दिसते. पृष्ठभागावरच्या बारीक लाटांमुळे प्रकाश किंचित वळतो, काही ठिकाणी गोळा होतो आणि काही ठिकाणी विरळ होतो. वळण अगदी थोडे, पण तळ थोडा खोल असल्यामुळे ते डोळ्यांना दिसते.

क्ष-किरणांचेही असेच आहे. ते शरीरात अडतात, तसेच किंचित वळतातही. पेशींतून धाग्यांत शिरताना हे वळण घडते. ते एवढे सूक्ष्म असते की राँटगेन यांच्या उपकरणांना ते समजणे शक्य नव्हते. परंतु मऊ अवयवांच्या बाबतीत या वळणाचा परिणाम अडण्याच्या परिणामापेक्षा शेकडो पट मोठा असू शकतो. युक्ती एवढीच की किरणांचा उगम अतिशय लहान आणि शिस्तबद्ध हवा, आणि चित्र टिपणारा पडदा वस्तूला चिकटून न ठेवता काही अंतर मागे ठेवायचा, हौदाच्या तळासारखा. १९९५-९६ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आणि ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी ही युक्ती साधली. या पद्धतीत जिथे दोन निरनिराळे थर भेटतात तिथे चित्रात रेघ उमटते. कुणी पेन्सिलीने कडा गिरवून द्याव्यात, तसे.

चीनमधील शांघाय येथील मोठ्या किरणयंत्रावर उंदीर जातीच्या प्राण्यांची आणि माणसांची यकृते अशा रीतीने तपासण्यात आली. कोणताही रंग न लावता, पातळ काप न पाडता, यकृतातील बारीक रक्तवाहिन्या, जाड होत गेलेले धाग्यांचे पडदे आणि त्यांच्यामध्ये फुगलेल्या गाठी त्रिमित चित्रात दिसल्या. आजार जसजसा पुढे गेला तसतशी जाळ्याची घनता वाढत गेली, हेही मोजता आले. ग्रेनोबलमध्ये २०२१ साली तर मृत्यूनंतर दान केलेले संपूर्ण मानवी अवयव याच तत्त्वावर तपासून, अख्खा अवयव आणि त्यातील पेशींच्या पातळीवरचा एक कोपरा, दोन्ही एकाच यंत्रावर पाहता येतात असे दाखवून देण्यात आले.

कवडसा आणि छत्रीचे कापड

याच कुळातील आणखी दोन पद्धती आहेत. अंधाऱ्या खोलीत कौलातून कवडसा पडला की हवेतील धूळ चमकताना दिसते. एकेक कण आपल्या नजरेला वेगळा दिसण्याइतका मोठा नसतो, पण तो प्रकाश विखुरतो म्हणून समजतो. क्ष-किरणही सूक्ष्म रचनांवरून असे विखुरतात आणि विखुरलेला तेवढाच भाग वेगळा टिपता येतो. स्वित्झर्लंडमध्ये २००६ ते २००८ या काळात बारीक जाळ्यांच्या साहाय्याने हे साध्या एक्स-रे नळीवरही जमले. जर्मनीत म्युनिक येथे या पद्धतीने दम्यासारख्या जुनाट श्वसनविकाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी झाली आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण जिवंत होते, प्रयोगशाळेतील तुकडे नव्हते. म्हणून ही मोठी पायरी मानली जाते. पण फुप्फुसात लक्षावधी हवेचे फुगे असतात, त्यांच्यावरून किरण भरपूर विखुरतात. यकृत हा भरीव अवयव, तिथे हा परिणाम फार क्षीण. त्यामुळे फुप्फुसातील यश जसेच्या तसे यकृतात उतरत नाही.

दुसरी पद्धत समजायला रात्री काळ्या छत्रीच्या ताणलेल्या कापडातून दूरचा रस्त्यावरचा दिवा पाहावा. दिव्याभोवती फुलीसारखी ठिपक्यांची नक्षी दिसते. कापडाचे धागे नियमित अंतरावर असल्यामुळे ती उमटते, आणि नक्षीवरून धाग्यांमधील अंतर मोजता येते, कापड हातात न घेता. कोलॅजेनचे धागेही असेच नियमित विणलेले असतात. त्यांच्यावर सुमारे ६७ नॅनोमीटर अंतराने पट्टे असतात. एका मिलिमीटरचे पंधरा हजार भाग करा, त्यातला एक भाग जवळपास एवढा भरेल. क्ष-किरण या धाग्यांतून गेले की ठरावीक जागी ठिपके किंवा कमानी उमटतात, आणि त्यावरून धागे किती आहेत व कोणत्या दिशेने धावतात ते सांगता येते.

इथे आपल्या देशाला अभिमान वाटावा असा एक संबंध आहे. कोलॅजेनचा रेणू तीन पेडांच्या वेणीसारखा असतो हे १९५४ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी क्ष-किरणांच्या अशाच नक्षीवरून मांडले. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचे धागे वापरले होते. आज यकृतातील ज्या धाग्यांच्या मागे जग लागले आहे, त्यांची मूळ वेणी भारतीय हातांनी उलगडली आहे.

इंदूरचे यंत्र, तुर्भ्याचे शास्त्रज्ञ

अशा कामासाठी लागणारे शिस्तबद्ध किरण साध्या एक्स-रे नळीतून सहसा मिळत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवतात. वळण घेताना ते अत्यंत तेजस्वी क्ष-किरण सोडतात. आपल्याकडे असे यंत्र इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. त्याचे नाव इंडस-२. त्याच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. ठाण्याच्या खाडीच्या काठी तुर्भ्याला असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या यंत्रावर केवळ क्ष-किरण चित्रणासाठी एक स्वतंत्र किरणवाट उभारली आणि तिच्यावरील पहिल्या प्रयोगांची माहिती २०१५ साली प्रसिद्ध केली. कडा गिरवणारी जी पद्धत वर सांगितली, ती या किरणवाटेवर वापरता येते. तेव्हा हे ज्ञान फक्त परदेशातच आहे असे समजू नये. ते आपल्या शेजारी आहे. मात्र ते नमुने तपासण्यासाठी आहे. रुग्णाला तिथे झोपवता येत नाही.

पुण्याने शिकवलेला धडा

‘एवढे बारीक पाहून करायचे काय?’ असे कुणी विचारील. याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. पूर्वी आपल्याकडे सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना यकृताचा एक भयंकर रोग होत असे. पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक बाळे काही महिन्यांत दगावत. वैद्यकात त्याला भारतीय बालकांचा सिरॉसिस असे नाव पडले होते. या बाळांच्या यकृताच्या तुकड्यांना विशिष्ट रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये तांब्याचे कण गच्च भरलेले आढळले. तांबे कुठून आले? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या बाळांच्या आहाराची चौकशी केली. तान्ह्या वयातच वरचे दूध सुरू झालेले आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले व साठवलेले, असे चित्र पुढे आले. कल्हई नसलेल्या पितळेतून तांबे दुधात उतरत होते. १९८३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भांडी बदलली, स्टेनलेस स्टील घराघरांत आले, स्तनपानावर भर दिला गेला, आणि हा रोग हळूहळू दुर्मीळ झाला.

यकृताच्या वाटाण्याएवढ्याही नसलेल्या तुकड्याने हजारो घरांतील पाळणे वाचवले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. आता हेच तांबे क्ष-किरणांनी रंगाशिवाय शोधता येते. क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपल्या ठरावीक जातीचे किरण परत फेकतो. त्यावरून कोणत्या पेशीत किती तांबे, किती लोह याचा नकाशा काढता येतो. इंदूरच्या इंडस-२ वर अशा कामासाठीही वेगळी किरणवाट आहे. शरीरात तांबे साठणारा विल्सनचा जो आनुवंशिक आजार आहे, त्याच्या अभ्यासात ही पद्धत उपयोगी पडते.

मग रुग्णालयात का नाही?

अडचणी तीन आहेत. पहिली, किरणांची मात्रा. चित्राचा बारीकपणा दुप्पट करायचा आणि स्पष्टपणा तोच राखायचा, तर त्रिमित चित्रासाठी साधारण सोळापट किरण लागतात. केसाहून बारीक धागे पोटाबाहेरून दाखवायचे तर लागणारी मात्रा जिवंत शरीराला अपायकारक ठरेल. दुसरी, यकृत स्थिर नसते. प्रत्येक श्वासाबरोबर ते खाली-वर होते, आणि जिथे मायक्रॉनचा हिशेब आहे तिथे एवढी हालचाल सगळे चित्र पुसून टाकते. तिसरी अडचण यंत्राच्या आकाराची आणि खर्चाची. माझ्या मते या तंत्राचा पहिला उपयोग सुईने काढलेल्या तुकड्यावरच होईल. आज आपण त्या तुकड्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप पाडून पाहतो. उद्या तो न कापता सर्व बाजूंनी पाहता येईल.

म्हणून, ‘आधुनिक मशीनने एका मिनिटात लिव्हरची पेशी न् पेशी दाखवू’ अशी जाहिरात कुठे दिसली, तर पैसे काढण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे.

आज हाती काय आहे

पहिली पायरी बिनखर्चाची आहे, कारण ती तुमच्या जुन्या रिपोर्टमध्येच दडलेली असते. चार आकडे घ्या : वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेटचा आकडा हजारांत घ्या, म्हणजे अडीच लाख असतील तर २५०. आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. समजा वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट अडीच लाख. वरची संख्या २०००, खालची २५० गुणिले ८ म्हणजे २०००. उत्तर १. हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल तर धागे बरेच वाढलेले असण्याची शक्यता कमी. तो २.६७ च्या वर गेला तर पोटविकार तज्ज्ञांना लवकर दाखवावे. मधल्या आकड्याला पुढची तपासणी हवी. याच माणसाच्या प्लेटलेट सव्वा लाख असत्या, तर उत्तर २ आले असते. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात. कावीळ किंवा ताप ऐन भरात असताना, तसेच डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना हे गणित करू नये.

दुसरी पायरी फायब्रोस्कॅन. यात क्ष-किरण मुळीच नसतात. बरगड्यांवर हलका ठोका देऊन त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजतात. कडक यकृतात ती वेगाने जाते. टरबूज पिकले की नाही हे आपण टिचकी मारून पाहतो, त्यातलाच प्रकार. आधी किमान तीन तास काही खाऊ नये. फॅटी लिव्हरमध्ये आकडा ८ च्या खाली असेल तर बहुधा काळजी नसते. फार लठ्ठ व्यक्तींत किंवा यकृताला ताजी सूज असताना आकडा फसवा येऊ शकतो.

तिसरी पायरी सुईने तुकडा काढण्याची, म्हणजे बायॉप्सीची. पहिल्या दोन तपासण्यांचे एकमेकींशी जुळत नसेल किंवा आजाराचे कारणच कळत नसेल, तेव्हा तिची गरज पडते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई घालतात. तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, संपूर्ण यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. तो बरोबर त्याच जागेचा निघाला म्हणून आजार कमी किंवा जास्त दिसू शकतो, ही तिची मर्यादा. क्वचित रक्तस्राव होतो, म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात आणि नंतर काही तास रुग्णाला नजरेखाली ठेवतात.

डोंबिवली पूर्वेचे एक गृहस्थ मला आठवतात. वय ५२, निर्व्यसनी, वजन ८४ किलो, मधुमेह. रक्ताचे गणित एक सांगे, फायब्रोस्कॅन दुसरे. बायॉप्सीचे नाव काढताच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘डॉक्टर, सुई लागली की आजार पसरतो म्हणतात, खरं का हो?’ ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे. कर्करोगाच्या काही गाठींत सुईच्या वाटेने पेशी जाण्याचा थोडा धोका असतो. म्हणून तिथे डॉक्टर शक्यतो सीटी किंवा एमआरआयवरच निदान करतात. यकृतभर पसरलेल्या धाग्यांच्या आजारात पसरण्यासारखे काही नसते. त्यांना हे पटले. मुंबईच्या एका रुग्णालयात बायॉप्सी झाली आणि तिसरी पायरी निघाली. चौथी अजून आली नव्हती. त्यांनी गोडधोड आणि स्टेशनवरचा वडापाव बंद केला, रोज घर ते स्टेशन चालत जाऊ लागले आणि दीड वर्षात ७५ किलोवर आले. त्यानंतरच्या फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा बराच उतरला होता.

यातूनच आजच्या लेखाचे सार हाती येते. धागे साचतात तसे ते विरघळूही शकतात, पण चौथी पायरी पक्की होण्याआधी. वजन पाच टक्के कमी झाले की चरबी उतरू लागते, सात ते दहा टक्क्यांत सूज ओसरते आणि दहा टक्के किंवा त्याहून अधिक उतरले तर धागेही मागे हटू शकतात. कारण विषाणू असेल, तर तो उपचारांनी आटोक्यात येतो. ‘सी’ प्रकारचा बहुतेकांत पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ काविळीची तपासणी व औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत देण्याची तरतूद आहे. त्याची चौकशी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात करावी. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांत ‘बी’ काविळीची लस टोचून घ्यावी.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच : ग्रेड दोन या शब्दाला चार वर्षे घाबरण्यापेक्षा आज संध्याकाळी कपाटातले जुने रिपोर्ट काढा आणि कागद-पेन्सिल घेऊन ते चार आकड्यांचे गणित करा. उत्तर कितीही आले तरी ते घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील तो फायब्रोस्कॅन टाळू नका.